रात्रभर ओट्यावर राहिलेला मटण रस्सा सकाळी उकळून खाल्ला तर चालेल का?

नाही, टाकूनच द्या, जीव हळहळतो माहितीये, पण उकळल्याने जंतू मेले तरी स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंनी रात्रभरात सोडलेलं विष तसंच राहतं. पुढच्या वेळी २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि अख्खं पातेलं नको, पसरट डब्यांत काढून, कारण खोल पातेल्यात मधला रस्सा कितीतरी वेळ कोमटच राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. ४ अंशांच्या खाली ३-४ दिवस टिकतो, लागेल तेवढाच काढून खळखळून उकळा. वर बारीक फेस, आंबूस वास किंवा चमच्याला तार सुटली की चवसुद्धा बघू नका. फक्त एक, वास चांगला येतोय म्हणजे रस्सा चांगलाच आहे असं नसतं, किती वेळ बाहेर होता ते धरा.