जेन हट्टी होती काय?

प्रश्न : बाई, 'जेन एअर' ही कादंबरी परवाच वाचून संपवली. जेन ज्याच्या घरी शिकवायला असते त्या रॉचेस्टरची बायको वेडी, वरच्या मजल्यावर कोंडलेली. त्याचं जेनवरचं प्रेम खरं, तिचंही खरं. तरी जेन रातोरात पळून जाते. हा नुसता हट्ट नव्हे काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : होय की! विशीत मलाही तसंच वाटलेलं. टिळकवाडीतली भाड्याची खोली, बाहेर आषाढाची झड, आणि मी रागानं पुस्तक आपटलेलं.

पण ती कशी जाते ते परत वाच. जवळचे २० शिलिंग गाडीभाड्यात जातात, गाठोडं गाडीतच राहतं. पुढं डुकरापुढं टाकायची गार लापशी मागून खाते. आणि मुख्य म्हणजे, रॉचेस्टर आपल्या आधीच्या प्रेयसींबद्दल किती तुच्छतेनं बोलतो ते तिनं ऐकलेलं असतं. उद्या आपणही त्याच यादीत, हे तिला कळतं. पोरगी हुशार आहे गं.

कादंबरी १८४७ ची. वेड हे तेव्हा इंग्लंडात घटस्फोटाचं कारणच नव्हतं, म्हणजे तोही अडकलेला. तरी मला त्याची दया बेतानंच येते. बायको लपवून त्यानं जेनला लग्नासाठी चर्चपर्यंत नेलं की!

शेवटी जेन त्याच्याकडे परत निघते तेव्हा बायको आगीच्या वेळी गेली, तो आंधळा झाला, यातलं काहीच तिला ठाऊक नसतं. हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं.

आता या वयात मला छळते ती बर्था, त्याची ती कोंडलेली बायको. एवढ्या जाड पुस्तकात तिची बाजू तिच्या तोंडून कुठंच येत नाही.