‘तिथे बसायला बाक आहेत का?’

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. इंडियानातल्या एका लहानशा गावात सहा वर्षं राहतायत. यजमानांना आता चार ठिकाणी नोकरीची संधी आहे: न्यूयॉर्कशेजारचं न्यू जर्सी, शिकागोजवळ, डॅलस आणि वॉशिंग्टनशेजारचं व्हर्जिनिया. पगार थोड्याफार फरकाने सारखे, शाळा सगळीकडे बऱ्या. तेव्हा यजमानांनी एक्सेल शीट मांडली आणि तिच्यात ‘करण्यासारखं किती आहे’ असा एक रकाना घातला. न्यूयॉर्कला दहापैकी दहा, शिकागोला नऊ, वॉशिंग्टनला आठ, डॅलसला सहा. ताई लिहितात, “इथे शनिवार-रविवार खायला उठतो. मुलगी चौथीत, मुलगा चार वर्षांचा. सासू-सासरे दरवर्षी मे महिन्यात साताऱ्याहून येतात ते दिवाळीच्या आधी परत जातात. सगळे रमतील असं शहर कोणतं?” आणि खाली ता. क.: “सासूबाई विचारतायत, तिथे बसायला बाक आहेत का?”

ताई, त्या शीटमधला सगळ्यात कामाचा रकाना सासूबाईंनी सुचवलाय. त्याच्याकडे येतेच, पण आधी दहापैकी दहावाल्या न्यूयॉर्कचं बघू.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला गेलो तेव्हा मीही हाच हिशेब केला होता. मॅनहॅटन तासाभरावर, म्हणजे दर शनिवारी मॅनहॅटन! पहिल्याच शनिवारी आई-बाबांना घेऊन गाडीने निघालो. बोगद्याच्या तोंडाशी पाऊण तास, पार्किंग शोधण्यात अर्धा तास. शेवटी एका गॅरेजमध्ये गाडी लावली, तर ‘मोठी गाडी’ म्हणून त्यांनी जादा पैसे लावले. तशी पाटी होती म्हणे, पण खांबाच्या मागे. दशम्यांचा डबा गाडीतच उघडला. बाबा म्हणाले, “झालं न्यूयॉर्क पाहून. चला घरी.” त्या अख्ख्या वर्षात आम्ही मॅनहॅटनला पाचदा गेलो, त्यातले तीनदा भारतातून पाहुणे आले होते म्हणून.

आता तर ५ जानेवारी २०२५ पासून ६०व्या स्ट्रीटच्या खाली गाडी नेली की टोल सोडून दिवसा आणखी ९ डॉलरपर्यंत पडतात. त्यामुळे गाडी काढूच नका. एडिसनजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहून ट्रेन धरा, पेन स्टेशनला उतरा. सासूबाईंना स्टेटन आयलंडच्या फेरी बोटीत बसवा. तिकीट नाही, जायला २५ मिनिटं, बसायला बाकच बाक, आणि जाताना उजव्या हाताची खिडकी धरली तर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा फुकटात दिसतो. नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये न्यू जर्सीकरांना खिशाला झेपेल तेवढे पैसे देऊन जाता येतं, राहत्या पत्त्याचा पुरावा तेवढा जवळ ठेवा. मेट म्युझियममध्ये मात्र ही सवलत न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना आणि न्यू जर्सी-कनेटिकटच्या विद्यार्थ्यांनाच आहे. तुम्हा चौघा मोठ्यांना ठरलेलं तिकीट पडेल. खिडकीशी गेल्यावर हे कळलं की चेहरा पडतो, म्हणून आधीच सांगते.

खरं तर एडिसनकरांचा शनिवार ओक ट्री रोडवरच जातो. भाजी, भांडी, भटजी, सगळं तिथे मिळतं. मंडळाचा गणपती असतो, मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर आलेलं नाटक असतं, आणि सासऱ्यांना संध्याकाळी फिरताना कोणीतरी “कुठले तुम्ही?” असं मराठीत विचारेल याची बरीच शक्यता असते. घरातल्या माणसांना माणसांची भूक जास्त असेल तर न्यू जर्सी घ्या, पण ती मॅनहॅटनच्या नावावर घेऊ नका.

डॅलसला सहा गुण दिलेत ते मला कमी वाटतात, तरी तुम्हाला तिकडे जा असं मी सांगणार नाही. कारण तुमचं कॅलेंडर. सासू-सासरे मे ते ऑक्टोबर असणार, मुलांची सुटी जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि टेक्सासचा उन्हाळा नेमका तोच. मी ह्यूस्टनला चार उन्हाळे काढलेत. मुंबईच्या मेची तयारी करून गेले होते, निघाला चंद्रपूरचा मे, वर दमटपणा. डॅलसची हवा त्यामानाने कोरडी, पण सकाळी दहानंतर झोपाळ्याची साखळी तिथेही हाताला चटका देते. फ्रिस्को या उपनगरात घर घेतलंत तर डाऊनटाऊन पाऊण तासावर, आणि डार्टची (डॅलसच्या लोकल सेवेची) ट्रेन फ्रिस्कोपर्यंत येत नाही. गाडी चालवणारं माणूस ऑफिसला गेलं की आजी-आजोबा घरात अडकले. तिथे जाणारच असाल तर त्यांना ऑक्टोबर ते मार्च बोलवा, डॅलस एकदम वेगळं दिसेल. डॅलस म्युझियम ऑफ आर्टचा मुख्य संग्रह मोफत आहे. शेजारच्या फोर्ट वर्थचं किंबेल म्युझियमही तसंच, आणि त्याची इमारत अहमदाबादच्या आयआयएमचे वास्तुकार लुई कान यांची. क्रिकेटवेड्यांसाठी ग्रँड प्रेरीचं स्टेडियम आहे. ६ जून २०२४ ला तिथेच अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, आणि ती ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. चौथीतल्या मुलीला क्रिकेट आवडत असेल तर सहाचे सात करा.

शिकागोच्या थंडीची सगळे भीती घालतात. ती आहेच, जानेवारीत सरोवरावरून येणारा वारा दोन स्वेटरांतून आत शिरतो. पण तुमच्या सासू-सासऱ्यांची आणि त्या थंडीची गाठच पडणार नाही. ते असतात त्या महिन्यांत शिकागोसारखं शहर शोधून सापडायचं नाही. मिशिगन सरोवराच्या काठाने १८ मैलांचा सलग रस्ता, चालायला आणि सायकलला. मिलेनियम पार्कमध्ये उन्हाळाभर शास्त्रीय संगीताच्या मोफत मैफली असतात, सतरंजी टाकायची आणि डबा उघडायचा. लिंकन पार्कचा झू १८६८ पासूनचा, वर्षाचे ३६५ दिवस मोफत. चार वर्षांच्या मुलाला दर पंधरा दिवसांनी त्याच सिंहाला भेटायचं असतं, त्याला ‘नवीन काही’ नको असतं. फील्ड म्युझियममधली सू नावाची टी-रेक्स ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची आहे. तिथे तिकीट असतं, पण इलिनॉयच्या रहिवाशांना मोफत दिवस मिळतात. बहुतेक आठवड्याच्या मधले वार असतात, तेव्हा ते आजोबांच्या खात्यात टाका.

आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत सासऱ्यांना मुद्दाम दाखवा. ११ सप्टेंबर १८९३ ला सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले ते तिथेच. २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितिश कलाट यांनी तिथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर त्या भाषणाचे शब्द दिव्यांच्या अक्षरांत उमटवले होते. पायरी चढायची, वाक्य वाचायचं, पुढची पायरी. ते प्रदर्शन आता नाही, पण जिना आहे. आणि इथल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही शिकागोतलीच, १९८१ ची. नेपरव्हिल या उपनगरात राहिलात तर मेट्रा ट्रेनने डाऊनटाऊन तासाभराच्या आत.

आता मी राहते ते व्हर्जिनिया. माझं मत एकतर्फी आहे हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

वॉशिंग्टनला तुमच्या यजमानांनी आठ दिलेत ते बहुधा तिथल्या म्युझियमांची संख्या मोजून. मला मोठी गोष्ट वाटते ती तिकीट नसण्याची. माणशी तीस डॉलर मोजून आत गेलो की आपण मराठी माणसं काय करतो? वसूल करतो. प्रत्येक दालन, प्रत्येक मजला, मुलगा रडकुंडीला आलाय, सासूबाईंचा गुडघा बोलायला लागलाय, तरी “एवढं एक राहिलंय, बघून घेऊ.” घरी येईपर्यंत सगळ्यांचं भांडण. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमांत दार उघडं असतं, म्हणून चाळीस मिनिटांत नुसते हत्ती आणि हिरे बघून बाहेर पडता येतं. बाकीचं पुढच्या शनिवारी, नाहीतर कधीच नाही. जेम्स स्मिथसन नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ, जन्मात अमेरिकेला आला नाही, पण त्याने ठेवलेल्या पैशांतून १८४६ मध्ये ही संस्था उभी राहिली. आज २१ म्युझियमं आणि एक झू, सगळी तिची. बहुतेक वॉशिंग्टनमध्ये, दोन न्यूयॉर्कला. झूमध्ये पांडा आहेत. प्रवेश मोफत, पण पास आधी घ्यावा लागतो आणि पार्किंगला पैसे पडतात.

व्हर्जिनियातल्या डलस विमानतळाशेजारी (हे टेक्सासचं डॅलस नव्हे), शँटिलीला, स्मिथसोनियनच्याच एअर अँड स्पेस म्युझियमचा मोठा हँगर आहे. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं होते, म्युझियम म्हटलं की त्यांना जांभई येते. तिथे डिस्कव्हरी हे स्पेस शटल उभं आहे, खरंखुरं, वापरलेलं. २००६ च्या डिसेंबरात सुनीता विल्यम्स पहिल्यांदा अवकाशात गेल्या त्या यातूनच. बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि थेट त्याच्या पोटाखाली बघायला वाकले. खालून काळ्या टाइल्स, भाजून पांढुरक्या झालेल्या, आणि एकेकीवर बारीक अक्षरात नंबर. बराच वेळ चष्मा वर-खाली करून वाचत राहिले. मग म्हणाले, “दर टाइलला वेगळा नंबर म्हणजे प्रत्येकीचा आकार वेगळा असणार. बदलायची म्हणजे केवढा वैताग!” त्यानंतर त्या सहा महिन्यांत ते तिथे अकरा वेळा गेले. पार्किंगचे १५ डॉलर सोडले तर खर्च शून्य.

२०२२ च्या नोव्हेंबरपासून वॉशिंग्टन मेट्रोची सिल्व्हर लाइन व्हर्जिनियातल्या अॅशबर्नपर्यंत आलीय. अॅशबर्नला बसायचं आणि गाडी न बदलता स्मिथसोनियन स्टेशनला उतरायचं, साधारण तासाभराचा प्रवास. आजी-आजोबांना दोनदा सोबत करा, तिसऱ्यांदा ते आपले आपण जातील. एक खोट सांगून ठेवते: वॉशिंग्टनमध्ये सरकारचं बजेट अडलं की काही दिवसांत म्युझियमांनाही कुलूप लागतं. २०२५ च्या ऑक्टोबरात लागलं होतं. त्यावेळी व्हर्जिनियातलाच शेनंडोआचा डोंगर बघायला गेलो, पानं नेमकी रंगलेली.

कॅलिफोर्निया आणि सिअॅटलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण इतर बरेचजण विचारतात. लॉस एंजेलिसला गेटी म्युझियम आणि ग्रिफिथ वेधशाळा दोन्हींना प्रवेश मोफत, आणि दोन्हींच्या मध्ये तिथला ट्रॅफिक. एका दिवसात एकच ठरवा. सॅन फ्रान्सिस्कोला जुलैतही स्वेटर न्या. सिअॅटलच्या बॅलर्ड लॉक्सला (बोटींसाठीच्या पाण्याच्या दरवाजांपाशी) उन्हाळ्यात काचेआडून सॅमन मासे प्रवाहाच्या उलट चढताना दिसतात. माझी आई तिथे हात जोडून उभी होती, म्हणाली, “वारीला निघालेत बिचारे.”

तुमची मुलगी चौथीत आहे ना? मग ‘एव्हरी किड आउटडोअर्स’चा पास आजच काढा. चौथीच्या मुलाबरोबर घरच्यांना नॅशनल पार्कात वर्षभर मोफत प्रवेश मिळतो आणि ऑगस्टअखेर तो संपतो. पाचवीत गेल्यावर हळहळून उपयोग नाही. दुसरं, गावाजवळच्या सायन्स सेंटरचं वार्षिक सभासदत्व घेणार असाल तर त्यात ‘एएसटीसी पासपोर्ट’ आहे का ते विचारून घ्या. घरापासून ९० मैलांपलीकडच्या, या योजनेतल्या सायन्स म्युझियममध्ये त्यावर मोफत जाता येतं. लहान गावातल्या स्वस्त सभासदत्वावर मोठ्या शहरातली म्युझियमं बघणारी मराठी घरं मला माहीत आहेत, नावं सांगत नाही.

तुमच्या घरासाठी माझा क्रम असा: व्हर्जिनिया, मग शिकागो, मग न्यू जर्सी. डॅलस शेवटी, आणि तेही फक्त उन्हाळ्यापायी.

सासूबाईंना सांगा, वॉशिंग्टनच्या मॉलवर (हा दुकानांचा नव्हे, म्युझियमांमधल्या लांबलचक हिरवळीचा) एल्मच्या झाडांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या सावलीत लांबच लांब बाक आहेत. पण कॅपिटॉलपासून लिंकन स्मारक दोन मैल आहे, तेव्हा “हे काय, समोर तर दिसतंय” म्हणून चालायला लागू नका. म्युझियमांत आत शिरल्यावर माहितीच्या टेबलाशी व्हीलचेअर मागितली तर फुकट वापरायला मिळते. सासूबाई पहिल्यांदा नको म्हणतील. रिकामीच ढकलत बरोबर न्या, तिसऱ्या दालनापाशी बसतील.