‘शास्त्रात आज्ञा कुठे आहे?’ : नाताळच्या कीर्तनाबद्दल

सलाम ताई. तुमच्या मंडळीतला (चर्चमधला) तरुण पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीतला माणूस, म्हणतो की नाताळचं कीर्तन आणि पेटी-तबला बंद करा, कारण नव्या करारात त्यांची आज्ञा नाही. तुमचं हे लिहिणं वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. 2009 साली मुंबईतल्याच एका मंडळीत हेच वाक्य मी बोललो होतो.

मी पाळक नाही, ईश्वरविज्ञान शिकलेलो नाही. पंच म्हणून जे भोगलं तेवढंच सांगतो. तुमच्या पाळकसाहेबांचं मत वेगळं असेल तर आधी त्यांचं ऐका.

नादाब-अबीहू (देवाने न सांगितलेला अग्नी अर्पण केला म्हणून मेलेले अहरोनाचे मुलगे), अनुवाद 12:32 (आज्ञेत भर घालू नका, काही कमी करू नका) हे बायबलमधलं सगळं तो तुम्हाला ऐकवेलच, म्हणून ते सोडतो. पण त्याचा नियम पोकळ नाही, हे मान्य करा. ‘देवाने सांगितलं तेवढंच उपासनेत’ हे इंग्लंडमध्ये लिहिलेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात (प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या श्रद्धेच्या मांडणीत) 1646 साली आलं, ते लोकांवर वरून विधी लादले जात होते म्हणून. प्रभुभोजन गुडघे टेकूनच घ्या, बाप्तिस्म्याच्या वेळी क्रूसाची खूण कराच, अशी सक्ती होती. वचनात नाही ते माणसाच्या विवेकावर कोणी लादू नये, हा त्याचा गाभा. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राज्यचर्चच्या, लोकांनी दुसरी वाट धरली : वचनाच्या विरुद्ध नाही असा विधी मंडळी ठरवू शकते. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा या दोन्ही घरांतली माणसं एका बाकावर आली. म्हणून हा वाद आपल्याकडे मिटत नाही.

आता माझी चूक. आमच्याकडे एक काका दर नाताळात कीर्तन करायचे. झांजा, पेटी, तबला, पूर्वरंग-उत्तररंग सगळं रीतसर. मी चार पानी निवेदन लिहिलं : वाद्यं जुन्या करारातल्या यरुशलेमच्या मंदिरातल्या यज्ञांबरोबर संपली, कीर्तनाची आज्ञा नाही, सबब बंद करावं. त्याच विश्वासपत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय की उपासनेच्या भोवतालच्या काही गोष्टी मंडळीने शहाणपणाने ठरवायच्या आहेत; देवाने ठरवून दिलेली अंगं पुढे एकविसाव्या अध्यायात आहेत. ते मी वाचलेलं होतं, तरी वगळलं. वचन वाचणं, उपदेश, प्रार्थना, गायन, प्रभुभोजन, बाप्तिस्मा ही अंगं. मेगाब्लॉक म्हणून उपासना नऊऐवजी आठला ठेवणं, माईक लावणं, भाड्याचा हॉल घेणं, हे भोवतालचं. कीर्तन म्हणजे आपल्या मातीतला उपदेश आणि गायनच. रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली ती काय करमणुकीसाठी? कलस्सै 3:16 मधली स्तोत्रं-गीतं कुठल्या चालीवर म्हणायची हे पौलाने लिहिलेलं नाही.

मी हे काकांना विचारलंच नाही. थेट वरच्या कार्यालयाला निवेदन पाठवलं, कारण मला माझ्या बाजूचा निकाल हवा होता. तीन वेळा रजा टाकून गेलो. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, फाईल सापडत नाही. सात महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं : ‘स्थानिक पातळीवर सामंजस्याने मिटवावे.’ अहो, त्या सात महिन्यांत मंडळी दोन बाजूंना बसायला लागली होती! अंग कोणतं, भोवतालचं कोणतं, एवढं एक वाक्य कोणी लिहून दिलं असतं तरी मी थांबलो असतो. आजही आठवलं की राग येतो. पण ते निवेदन पाठवणारा मीच, तेव्हा राग कुणावर काढू?

त्या वर्षी कीर्तन झालं नाही. काका भांडले नाहीत, फक्त यायचे थांबले. दोन वर्षांनी प्रभूमध्ये निजले. मग त्यांच्या मुलाने मला त्यांची वही दाखवली. प्रत्येक पदाच्या बाजूला, समासात, वचनाचा संदर्भ. लूक 15 चं उधळ्या पुत्राचं आख्यान होतं, त्यात एक ओळ संदर्भाशिवाय नव्हती. लोकांवर काही लादू नये म्हणून केलेला नियम मी एका म्हाताऱ्या माणसावर लादला होता.

म्हणून त्या तरुणाला आधी कीर्तनाचं सगळं वाचायला द्या. प्रत्येक पद वचनाशी ताडून पाहा म्हणावं, चुकलं असेल तिथे बदला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने 2010 साली वाद्यांना आणि बायबलमधल्या स्तोत्रसंहितेबाहेरच्या गीतांना परवानगी दिली, हेही सांगा. ते लोक या नियमात आपल्यापेक्षा कितीतरी मुरलेले.

आणि त्याचा नियम जिथे खरंच लागतो तिथे त्याला साथ द्या. ऐन उपासनेत पुढाऱ्यांचे शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि वेदीसमोर केक कापणं मला अजिबात पटत नाही. ते उपासना संपल्यावर, चहाच्या वेळी करा.

बैठकीत ठरेल ते इतिवृत्ताच्या वहीत त्याच दिवशी लिहून सह्या घ्या. आमच्याकडे तोंडी ठरावावरून पुढे वर्षभर भांडण चाललं. वर पत्र पाठवायची घाई करू नका. आणि ताई, तुमच्याकडे कीर्तन करणारे जे कोणी असतील, त्यांना या आठवड्यातच घरी जाऊन भेटा. बैठकीत सगळ्यांसमोर त्यांना हे पहिल्यांदा कळू देऊ नका.