कॉमिक्समधल्या कुठल्या सुपरहिरोची ताकद सगळ्यात बिनकामाची? माझं मत : सायफर. तुमचं?

दुकानाचं शटर अर्धं ओढून हे लिहायला बसलोय. बिनकामाचे सुपरहिरो ढिगाने आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही प्रश्नातच सायफरचं नाव घेतलंत आणि खाली कारण दिलंत की 'नुसत्या भाषा कळून कुणाला हाणता येत नाही', तिथे माझं डोकं फिरलं. हेच वाक्य मी १९९१ च्या मे महिन्यापासून ऐकत आलोय.

आधी तुमचं काम उरकतो. डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या 'लीजन ऑफ सुपर-हिरोज' या हिरोंच्या संघात भरती व्हायला गेलेल्या आणि नापास झालेल्या पोरांनी १९६३ साली स्वतःची बदली खेळाडूंची टोळी काढली. त्यातला स्टोन बॉय दगड होतो. बस, इतकंच. दगड झाल्यावर हलताही येत नाही. नाइट गर्लच्या अंगात अफाट बळ, पण फक्त अंधारात. पावसाळ्यात आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात लाईट जाते तेव्हा ही बाई एकटी तालुका चालवेल, त्यामुळे तिला मी बिनकामाची म्हणणार नाही. क्लोरोफिल किड झाडं भराभर वाढवतो, आणि त्याला नापास करणाऱ्यांनी जन्मात ऊस लावलेला नसणार. १९६२ चा मॅटर-ईटर लॅड वाटेल ते खातो, कारण त्याच्या बिस्मॉल ग्रहावर जंतूंमुळे खरं अन्न खाण्याजोगं उरलंच नव्हतं. लोक त्याला हसतात, पण कशानेच न मोडणारं मिरॅकल मशीन नावाचं यंत्र शेवटी त्यानेच चावून संपवलं आणि त्यापायी वेडा झाला. १९८९ चा आर्म-फॉल-ऑफ-बॉय मात्र खरंच अवघड प्रकार आहे. स्वतःचा हात खांद्यातून उपसायचा आणि त्याचा सोटा करून समोरच्याला हाणायचं. दोनातला एक हात घालवून हाणामारी करणं म्हणजे शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार.

माझ्या मते पहिला नंबर स्टोन बॉयचा. झालं तुमचं उत्तर. आता सायफर.

डग रॅमझी. डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हल, तिच्या 'न्यू म्युटंट्स'मध्ये १९८४ साली, तेराव्या अंकात आला. म्युटंट म्हणजे जन्मतःच अंगात वेगळी ताकद असलेली माणसं. बोललेली, लिहिलेली, कॉम्प्युटरची, परग्रहावरची, कुठलीही भाषा त्याला आपोआप कळते. उडता येत नाही, नखं नाहीत, डोळ्यांतून किरण नाहीत. लढाई सुरू झाली की तो कुठेतरी आडोशाला.

माझी मावशी लालबागला दिलेली. दर मे महिन्यात मिरजेला गाडी बदलून ती आणि माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, खानापूरला उतरायचे. तोवर आमच्या घरात कॉमिक्स म्हणजे इंद्रजालचा मराठी वेताळ, आणि इंद्रजाल १९९० ला बंद पडलं. पुढच्या वर्षी दादाने फोर्टच्या फुटपाथवरून इंग्रजी अंकांची पिशवी भरून आणली. मी मराठी शाळेत चौथीत. मला इंग्रजीचा गंध नाही. तो वाचून सांगायचा, म्हणजे त्याला सोयीचं पडेल तसं सांगायचा. मग परसात खेळ. दादा वुल्व्हरीन, बोटांच्या बेचक्यांत आईच्या क्रोशाच्या सुया. ताई स्टॉर्म. मला कोलोसस व्हायचं होतं. दादा म्हणाला, "तुला कन्नड येतंय की. तू सायफर."

कन्नड यायचं कारण अगदी साधं. आमच्या बाहेरच्या सोप्यात बैलहोंगलकडचं एक कुटुंब भाड्याने राहायचं. लीजनमधला बाउन्सिंग बॉय कसा सोडा समजून भलतंच रसायन प्यायला आणि चेंडूसारखा फुगायला लागला, तसं माझं झालं. त्यांच्या अक्काची पातळ, पापडासारखी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खायला मी रोज चुलीपाशी जाऊन बसायचो. 'बेकू' म्हटलं की आणखी एक मिळायची, 'साकू' म्हटल्याशिवाय अक्का थांबायची नाही. शाळेत कन्नडचं पुस्तक हातात आलं तेव्हा मला बोलता सगळं यायचं, फक्त अक्षरं शिकायची राहिली होती.

तर खेळात माझं काम काय? काही नाही. दादा आणि ताई लढायचे, मी पेरूच्या झाडामागे. अधूनमधून दादा ओरडायचा, "सायफर, शत्रू काय म्हणतोय?" शत्रू म्हणजे आमचा रेडा. मी सांगायचो, "वैरण पाहिजे म्हणतोय."

आणि मग पिशवीतून 'न्यू म्युटंट्स'चा १९८८ चा साठवा अंक निघाला. त्यात रेन नावाच्या सोबतिणीवर झाडलेली गोळी सायफर स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. दादाने अंक मिटला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मेलास तू." सुट्टी संपायला अठरा दिवस बाकी होते. ते अठरा दिवस मी कट्ट्यावर बसून काढले. मेलेल्याने बोलायचं नाही असा नियमही त्यानेच केला. जेवायची हाक आली की तेवढ्यापुरता जिवंत. वर हे तुमचंच वाक्य : भाषा कळून कुणाला हाणता येत नाही.

सायफर पुढे जिवंत झाला. हे दादाने मला कधी सांगितलं नाही. मला ते नेटवर कळलं तेव्हा मी पस्तीस वर्षांचा होतो.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आजोबांच्या जमिनीची वारसा नोंद करायची निघाली. मावशीचं नाव लागायचं होतं. दादा मुंबईहून गाडी घेऊन आला. माझं झेरॉक्सचं दुकान सरकारी कचेऱ्यांच्या रांगेतच आहे, दिवसभर लोकांचे कन्नड अर्ज भरून देणं हाच माझा धंदा. तरी मला न विचारता हा एकटाच एका कचेरीत गेला. आधी हिंदीत बोलला, मग चढ्या आवाजात इंग्रजीत. समोरचे कारकून मान वर न करता म्हणाले, "नाळे बर्री."

हा बाहेर बाकावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी परत गेला, परत तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी घामाघूम होऊन माझ्या दुकानात आला आणि मला म्हणाला, "अरे, हे नाळे साहेब कुठल्या टेबलाला असतात? तीन दिवस झाले, सगळे मला त्यांच्याकडेच पाठवतायत आणि माणूस काही जागेवर सापडत नाही."

नाळे म्हणजे उद्या. बर्री म्हणजे या.

मी हसलो नाही. खोटं कशाला बोलू, हसलो, गिऱ्हाईकं सोडून हसलो. मग शटर ओढून त्याच्याबरोबर गेलो. उतारा हातात घेतल्यावर मिनिटभरात अडचण कळली. कन्नडात व आणि प जुळे भाऊ वाटावेत असे दिसतात, वरच्या बाजूच्या एवढ्याशा काडीचा काय तो फरक. मावशीचं नाव प वरून सुरू होतं. उतारे कॉम्प्युटरवर चढवताना कुणाच्या तरी हातून त्याचा व झाला होता. आधार कार्डावरची बाई एक आणि उताऱ्यावरची दुसरीच. मी त्या अक्षराखाली नख टेकवलं आणि म्हणालो, "सर, इदु व अल्लरी, प." कारकुनांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद डोळ्यांजवळ नेला. "हौदल्ला!" म्हणाले आणि पहिल्यांदा आमच्याकडे बघून खुर्ची दाखवली.

तेवढ्यात दादा पुटपुटला, "यांना कामच करायचं नसतं." कारकुनांनी मला विचारलं, "एनंतार इव्रु?" मी कन्नडात सांगितलं, साहेबांच्या टेबलावर किती काम पडलंय, असं म्हणतायत. ते खूश झाले आणि मुंबईकरांबद्दल जे बोलले ते मी दादाला 'तुमची गाडी भारी आहे म्हणतायत' असं करून सांगितलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन महिने, आणि मावशीचं नाव लागलं. वुल्व्हरीनने तिथे नखं काढली असती तर अजून नाळे बर्रीच चाललं असतं.

२०१९ पासूनच्या कथा तुम्ही वाचलेल्या दिसत नाहीत. म्युटंट लोक क्राकोआ नावाच्या जिवंत बेटावर स्वतःचा देश वसवतात. ते बेट विचार करतं, बोलतं, पण त्याची भाषा कुणालाच येत नाही. एवढे मोठमोठे लोक, मनातलं ओळखणारे, लोखंड वाकवणारे, आणि बेटाशी बोलायला कोण? सायफर. म्हणजे तिथेही शेवटी जमिनीचाच मामला.

आता खाली कुणीतरी येऊन लिहिणारच, की सीमाभागातला मराठी माणूस असून कन्नडचे गोडवे गातोय. १९५६ ला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातला, तेव्हापासून आमच्या घरात १ नोव्हेंबर हा काळा दिवसच आहे आणि दंडाला काळी फीत मीही बांधलेली आहे. कचेरीतला कागद मराठीतही मिळाला पाहिजे हे माझं मत कालही होतं, आजही आहे. पण तो मिळेपर्यंत हातातला कागद वाचणारा कुणीतरी लागतो. अक्काच्या चुलीपाशी शिकलेलं मी कशाला लपवू?

आणि एक कबूल करतो. अंगात ताकद असती तर मी अठरा दिवस कट्ट्यावर बसलो नसतो, हेही खरंच. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

तुम्हाला सल्ला म्हणाल तर यादी करताना हा हिरो कुठल्या गावात राहतो तेवढं बघा. स्टोन बॉयला मात्र कुठलंच गाव वाचवू शकत नाही. आमच्याकडे तर दगड आधीच पुष्कळ.

दादा, तू अशा साईटवर असतोस हे मला माहीत आहे. तो साठवा अंक अजून तुझ्याकडेच आहे. मी तुझ्याकडून अर्जाचे पैसे घेतले नव्हते. पुढच्या वेळी येताना अंक घेऊन ये. आणि नाळे नको, याच मे महिन्यात ये.