मीटर म्हणतो लीन, प्लग म्हणतो काळा

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना हल्ली पोरं एअर-फ्युएल मीटर लावू लागली आहेत. त्यामुळे पत्रांची तऱ्हाही बदलली. पूर्वी "गाडी ओढत नाही" एवढंच लिहून यायचं, आता आकडे येतात : एका भाग पेट्रोलला किती भाग हवा. आकडा मोठा म्हणजे लीन, पेट्रोल कमी; लहान म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. या महिन्यात त्यातली पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, माझी २००९ची होंडा युनिकॉर्न आहे. गेल्या वर्षी तिला आखूड, मोकळा सायलेन्सर बसवला आणि बेंडपाइपला (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) सेन्सर बसवायचा आट्यांचा बोळा वेल्ड करून मीटरचा वाइडबँड सेन्सर लावला. आयडलिंगला मीटर १६.८ दाखवतो, चाळीसच्या स्पीडला १४च्या आसपास, आणि मूठ पूर्ण पिळली की १२.४. आमचे मिस्त्री म्हणाले, आयडलला लीन आहे, आणि त्यांनी मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं मापाचं भोक) दोन नंबरनं मोठा टाकला. आता मूठ पिळल्यावर ११.३ येतं, ॲव्हरेज पडलं, प्लग काळा निघतो. आयडल मात्र १६.८ ते १६.८च. मीटर खराब आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मीटर ठणठणीत आहे दादा. आधी तो मेन जेट काढा आणि जुना परत टाका, मग पुढचं वाचा.

तुमचं १२.४ चांगलं होतं. पूर्ण मूठ पिळल्यावर पेट्रोलच्या इंजिनाला साडेबारा ते तेरा लागतं, तिथंच ते सगळ्यात जोरात ओढतं. तुम्ही त्याच्या काठावर होता. ज्याला काही झालं नव्हतं त्याचं ऑपरेशन झालं, आणि ज्याला झालं होतं तो तसाच बसला.

मेन जेट आयडलला काम करत नाही. मूठ बंद ते साधारण आठवा हिस्सा उघडेपर्यंत पायलट जेट (आयडलचा छोटा जेट) आणि मिक्स्चर स्क्रूचं राज्य. तिथून पाव मुठीपर्यंत मुठीबरोबर वर उठणाऱ्या स्लाइडच्या कापाचं, पावपासून पाऊण मुठीपर्यंत त्या स्लाइडला लटकलेल्या सुईचं. मेन जेटची पाळी त्यानंतर. सुईला जाणारं पेट्रोल मेन जेटमधूनच वर चढतं, म्हणून मोठा जेट टाकला की मधल्या पट्ट्यातही थोडं रिच होतं. तुमचं ॲव्हरेज तिथं गेलं. युनिकॉर्नचा कार्ब व्हॅक्यूमवर चालणारा, त्यात स्लाइडच्या जागी असलेला पिस्टन मुठीच्या मागोमाग लगेच उठत नाही. तेव्हा मुठीवर चिकटपट्टी लावून खुणा करा, पण आकडा बघायचा तो तिसऱ्या-चौथ्या गिअरला, गाडी लोडवर असताना. स्टँडवर रेस देऊन मेन जेट ठरवणाऱ्याच्या हातात पाना देऊ नये असं माझं मत आहे.

आता ते १६.८. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला दिसतो धुरातला ऑक्सिजन. तो कार्बमधून आला की दुसऱ्या कुठल्या वाटेनं घुसला, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून आयडलला मोठा आकडा आला की मी कार्बला हात लावायच्या आधी ऑक्सिजनची चोरवाट शोधते.

पहिली वाट कंपनीनंच करून ठेवलेली असते. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना एअर इंजेक्शन आहे : एअर फिल्टरच्या डब्यातून एक रबरी नळी एका छोट्या व्हॉल्व्हमधून थेट हेडच्या एक्झॉस्ट पोर्टपाशी जाते. उरलेला धूर बाहेर पडता पडता जळावा म्हणून ती ताजी हवा सोडते. प्रदूषणासाठी उत्तम, मीटरसाठी घातक. टाकीखाली वाकून ती नळी पकडीत धरा, कापड मध्ये घालून हलके दाबा. आकडा धाडकन खाली आला तर निम्मी केस तिथंच संपली. माप घेईपर्यंत नळी बंद ठेवा, नंतर सोडा. कायमची बुजवून टाकायची गरज नाही.

दुसरी वाट म्हणजे हेड आणि बेंडपाइपचा सांधा. सायलेन्सर बदलताना तिथलं तांब्याचं पॅकिंग जुनंच बसवलं असेल, तर ते दबलेलं असतं, नीट बसत नाही. एका सिलिंडरच्या इंजिनात धूर धक्क्याधक्क्यानं जातो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात खेच तयार होते, ती बाहेरची हवा आत ओढते. गाडी आयडलवर ठेवा, ओल्या जाड फडक्यानं सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबा आणि सांध्यापाशी कान न्या. फस्स आवाज आला की पॅकिंग बदला. हात भाजून घेऊ नका, आणि फडकं दाबून धरून बसू नका.

तिसरी वाट तुमच्या आखूड सायलेन्सरची. आयडलला धूर इतका मंद जातो की त्याच खेचीनं टोकाकडून हवा उलटी शिरते आणि सेन्सरपर्यंत पोचते. रेस तीन हजारावर नेल्यावर आकडा शहाण्यासारखा वागू लागला तर हेच. याला इलाज कमी. अशा पाइपला आयडलचा आकडा सोडून द्यायचा आणि कानानं लावायचं.

चौथी गोष्ट मिस मारण्याची. एखादा ठोका जळलाच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो आणि मीटर "लीन" ओरडतो, मग मिस रिचमुळं असो की कमजोर प्लगमुळं. तुमचा प्लग काळा आहे म्हणजे हीही शंका घ्या. नवा प्लग टाकून बघा.

एवढं झाल्यावर स्क्रू. तुमच्या कार्बला तो इंजिनाच्या बाजूला असतो, म्हणजे तो पेट्रोलचा स्क्रू : बाहेर काढला की रिच. जुन्या बुलेटच्या मिककार्बला तो फिल्टरच्या बाजूला असतो, तिथं तो हवेचा : बाहेर काढला की लीन. हा फरक न बघता "दोन आटे बाहेर" सांगणारे भरपूर भेटतील. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, त्यासाठी एक चक्कर मारून या. स्क्रू पाव आटा फिरवा, हात काढा, थांबा. आरपीएमला सावकाश चढायची सवय असते. आवाज चढला तर त्याच दिशेला आणखी पाव. चढायचा थांबून घसरू लागला की मागं या. सगळ्यात उंच आवाज लागला तिथं मीटर बघा, साडेतेराच्या आसपास असायला हवा. मग आयडलचा स्क्रू सोडून रेस खाली घ्या आणि मूठ झटकन पिळा. अडखळली तर किंचित रिच करा.

चाळीसच्या स्पीडचं १४ उत्तम आहे, तिथं काही करू नका.

तुमच्या मिस्त्रींवर रागावू नका. "लीन म्हणजे जेट मोठा" हे ते जेव्हा शिकले तेव्हा मीटर नव्हता, प्लगचा रंग होता, आणि रंग बघून ते कदाचित बरोबरच ठरले असते. आमच्या उद्यमनगरात असे फिटर अजून आहेत, माझ्या वडिलांच्या लेथवर सुया घासून घ्यायला येतात. त्यांना मी मीटर दाखवते, ते मला प्लग दाखवतात, आणि दोघांचं जमेना झालं की सांध्यापाशी कान न्यायचा हे ठरलेलं.

आणि सेन्सरचा बोळा बघून घ्या. सेन्सर आडव्यापेक्षा निदान दहा अंश वर उचललेला हवा, वायरची बाजू वर. खाली लोंबत असेल तर सकाळचं पाणी त्यात साचतं आणि आतलं गरम सिरॅमिक तडकतं. मीटर बंद ठेवून गाडी फिरवत असाल तर सेन्सर काढून बोळ्याला बोल्ट लावा. हीटर बंद असलेल्या सेन्सरवर काजळी धरते.

प्रश्न : माझी स्प्लेंडर कार्बवाली आहे. ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून सकाळी गार असताना अडखळते. मित्राच्या मीटरवर बघितलं. वाचनात आलं की ई-२०चं आदर्श प्रमाण १४.७ नसून १३.५ आहे. मग मी मीटरवर १३.५ धरू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. तुमचं वाचन बरोबर, पण मीटर ते वाचत नाही.

शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला फक्त ९. इथेनॉलच्या अंगात स्वतःचा ऑक्सिजन असतो ना! मिसळलं की ई-२०ला साडेतेराच्या आसपास येतं. पण सेन्सर मोजतो ते लॅम्डा, म्हणजे जळायला हवी होती त्याच्या किती पट हवा होती ते. १ म्हणजे चोख. मीटर त्या लॅम्डाला सरळ १४.७ नं गुणतो आणि काचेवर लिहितो. टाकीत ई-२० आहे की साधं पेट्रोल हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. चोख जळलं की तो १४.७च दाखवणार. तेव्हा जुनेच आकडे धरा : पूर्ण मुठीला साडेबारा ते तेरा, रमतगमत चालताना चौदाच्या आसपास. मीटरवर लॅम्डा दाखवायची सोय असेल तर तीच लावा, डोक्याला ताप कमी.

बदललं आहे ते तुमच्या कार्बचं. जेटचं भोक तेच, त्यातून जाणारं पेट्रोल जवळपास तेवढंच, पण आता त्याला हवा कमी लागते. म्हणजे ई-१०वर जिथं १३ दिसत होतं, तिथं ई-२०वर त्याच जेटला साधारण साडेतेरा दिसेल. गरम इंजिनाला ते चालून जातं. गार इंजिनाला नाही, कारण इथेनॉलची वाफ गारठ्यात लवकर होत नाही. स्क्रू पाव आटा रिच करा. सुईला क्लिपच्या खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर येते. बहुतेक एवढ्यावर भागतं, मेन जेटपर्यंत जावं लागत नाही.

गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहत असेल तर कार्बच्या कटोरीचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते पायलट जेटमध्ये अडकलं की तुमच्या अडखळण्याचं कारण मीटरमध्ये सापडायचं नाही. पुण्यात २०२१च्या जूनमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते शंभर टक्के इथेनॉलचे तीन पंप सुरू झाले होते, ते तुमच्या स्प्लेंडरसाठी नाहीत हे सांगायला नको.

प्रश्न : आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाडीला वाइडबँड लावला तर चालेल का? वीस जण वीस सल्ले देतात.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : लावता येतो, पण मी लावत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताजी हवा-पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरते तेव्हा एक्झॉस्ट पोर्ट उघडाच असतो, त्यातलं थोडं न जळता थेट पाइपात जातं. म्हणजे सेन्सरला ऑक्सिजन नेहमीच जास्त दिसणार, आणि किती जास्त ते आरपीएमगणिक बदलणार. त्यात टू-टी ऑइलची राख सेन्सरवर बसते, महागडा सेन्सर लवकर मरतो. आकडा खाली गेला की वर आला एवढं बघायला ठीक, पण "तेरा आणा" असं नाही.

आरएक्सला प्लग चॉप करा. नवा प्लग, मोकळा रस्ता, तिसऱ्या गिअरला पूर्ण मूठ, मग त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद. थांबून प्लग काढा. टोकाचा रंग बघू नका, चिनी मातीच्या तळाशी, पार आत, जो कडा असतो तो बघा. तिथं तपकिरी वळं हवं. पांढरं असेल तर घरापर्यंत हळू या. ऑइलपंप काढून टाकीतच ऑइल मिसळत असाल तर हे जास्त महत्त्वाचं : जेट लहान केला की पेट्रोलबरोबर ऑइलही कमी झालं, आणि पिस्टन धरायला (जाम व्हायला) एक चढ पुरतो.

प्रश्न : वाइडबँड परवडत नाही. बाजारात स्वस्तात दिव्यांचा एअर-फ्युएल मीटर मिळतो, तो घेऊ का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तो नॅरोबँडचा. त्याला फक्त १४.७च्या अलीकडे की पलीकडे एवढंच कळतं, आणि आपल्याला तर साडेबारा की साडेअकरा ते हवं असतं. दिवे मात्र झकास लागतात.

त्यापेक्षा ओळखीच्या पीयूसीवाल्याकडे गर्दी नसताना जा. त्याच्या यंत्रावर सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा येतो. आयडलला सीओ तीन टक्क्यांच्या आसपास म्हणजे मीटरवर साधारण साडेतेरा. २००० सालानंतरच्या, पण बीएस-४च्या आधीच्या दुचाकींना मर्यादाही ३.५ टक्क्यांची आहे, म्हणजे पासही होते. सीओ अगदी कमी आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) भरमसाट दिसलं तर गाडी मिस मारते आहे, जेटला हात लावू नका. वर सांगितलेली एअर इंजेक्शनची नळी इथंही आकडा खाली ओढते, आधी दाबून घ्या. पूर्ण मुठीचं माप इथं मिळत नाही, त्यासाठी प्लग आणि एखादा चढ.

प्रश्न : जूनमध्ये जुन्या बुलेटवर लेहला चाललोय. जेट बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन लहान मेन जेट आणि एक लहान पायलट बरोबर न्या, पण साताऱ्यातून बसवून निघू नका. लेहजवळच्या खारदुंग ला खिंडीत, ५,३५९ मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, आणि साध्या स्लाइडच्या कार्बला ते कळत नाही. खाली तेरा असलेली गाडी तिथं साडेनऊच्या आसपास जाते, काळा धूर, घरघर. पहिल्या दिवशी हवेचा स्क्रू बाहेर काढून आणि सुई एक खाच खाली घेऊन बघा. तेवढ्यात चालली तर जेट पिशवीतच राहू दे. लहान जेट टाकलाच, तर मनालीकडे उतरण्याआधी थांबून जुना परत बसवा, खालच्या दाट हवेत त्याच जेटवर इंजिन लीन होतं आणि तापतं. स्क्रूड्रायव्हर आखूड दांड्याचा न्या, लांब दांड्याचा बुलेटच्या कार्बखाली वळत नाही.