जुना रेडमी ५ए घ्यावा की हप्त्यावर नवा फोन?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की फोन कायमचा बंद पडलाय, मामेभाऊ त्याचा जुना रेडमी ५ए, २ जीबी रॅमवाला, नव्या साध्या फोनच्या पाव किमतीत द्यायला तयार आहे, नाहीतर नवा फोन वर्षभराच्या हप्त्यावर घ्यायचा. शिकवण्या तुम्ही फोनवरूनच घेता, फी पण त्यातल्याच बँकेच्या ॲपवर येते. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला आहे पण त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. माझं सरळ मत सांगते, जुना घेऊ नका, हप्ते पण नकोत, त्या बाजूच्या पैशातूनच नवा घ्या.

आधी हिशोब बघू. नव्याची किंमत १०० धरा, चार वर्षं वापरला तर महिन्याला साधारण २ पडतात. जुन्याचे २५, पण त्याची बॅटरी बदलावीच लागेल, ती मागचं कव्हर काढून आपल्याला बदलता येत नाही, म्हणजे मजुरी आली, तिचे मिळून १२ धरू. झाले ३७. म्हणजे जुना फोन दीड वर्ष नीट चालला तर कुठे बरोबरीत येतो, त्याच्या पुढे चालला तरच स्वस्त. म्हणून प्रश्न पाव किमतीचा नाहीच, तुमच्या कामासाठी तो दीड वर्ष टिकेल का हा आहे.

फोन वाईट नव्हता हो. २०१७ चा, पाच इंची स्क्रीन, वजन १३७ ग्रॅम, दोन सिम आणि मेमरी कार्डला वेगळी जागा, हेडफोनची पिन, ३००० एमएएचची बॅटरी. फोन करायला, गाणी ऐकायला आजही चालेल. पण तो अँड्रॉइड ७.१ वर आला, पुढे ८.१ मिळालं आणि तिथेच थांबला, आणि ८.१ साठी सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारे अपडेट, देणं गूगलने २०२१ मध्येच बंद केलं. ज्या फोनवर पगारासारखी फी येते तिथे ही गोष्ट मला अजिबात चालत नाही. शिवाय ॲपवाले जुन्या अँड्रॉइडचा सपोर्ट एकेक करून काढून घेतात, आज बँकेचं ॲप चालतंय म्हणजे पुढच्या वर्षी चालेलच असं नाही, आणि ते कधी बंद होईल हे तुमच्या हातात नाही.

रॅमचं पण तसंच. बँकेचं ॲप उघडलं, ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात आणि परत आलात की ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू, कारण २ जीबीत दोन्ही एकदम मावत नाहीत, तोवर ओटीपीची वेळ संपलेली. व्हिडिओवर मुलं बसलेली असताना फोन अडकला तर किती त्रास होईल ते तुम्हीच जाणता. १६ जीबी स्टोरेजमधली बरीच जागा सिस्टिमच घेते, कार्डवर फोटो जातील पण सगळी ॲप जाणार नाहीत. वायफाय पण फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, आजूबाजूला खूप राउटर असले की ते रेंगाळतं.

आता हप्त्यांबद्दल. व्याज शून्य म्हणतात तिथे रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट किती आणि प्रोसेसिंग फी किती हे आधी विचारा, बरेचदा व्याज तिथेच वसूल झालेलं असतं. तुमचं उत्पन्न शिकवण्यांचं, सुट्टीच्या महिन्यात कमी येणार, हप्ता मात्र तारखेलाच जाणार. कमावण्याचं साधनच बंद पडणं ही अडचणच आहे ताई, ते पैसे अशाच वेळेसाठी ठेवलेत, वापरताना अपराधी वाटून घेऊ नका. मग जेवढा हप्ता भरणार होतात तेवढीच रक्कम दर महिन्याला परत त्यात टाका, एखाद्या महिन्यात कमी पडली तर दंड नाही की कोणाचा फोन नाही. नवा घेताना कॅमेऱ्याच्या आकड्यांत अडकू नका, रॅम किमान ४ जीबी बघा आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीने जाहीर केलंय का ते बघा. चार वर्षांच्या जवळपास असेल तरच माझा वरचा हिशोब लागू पडतो.

मामेभावाचा फोन घरात नुसता बोलायला हवा असेल तर घ्या, पण बँकेचं काही त्यात टाकू नका. स्क्रीन एका बाजूने उचललेली दिसली तर बॅटरी फुगलीय, तो घ्यायचाच नाही. चार्जरची पिन तिरकी धरावी लागतेय का तेही बघा. आणि रीसेट करायच्या आधी त्याला त्याचं गूगल अकाउंट काढायला सांगा, नाहीतर फोन सुरू करताना त्याचाच पासवर्ड मागत बसेल.