सिग्नल हिरवा होता, लाल तोडून आलेली गाडी मला धडकली. माझाही दोष धरतील का?

धरू शकतात. लाल तोडणाऱ्याचा दोष मोठा, यात वाद नाही. पण हिरवा म्हणजे डोळे मिटून जा असं नव्हे. रस्त्यावरची चिन्हं आणि सिग्नल यांबद्दलच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही हिरव्याला अट आहे: पुढे वाहनं तुंबलेली असतील आणि सिग्नल बदलेपर्यंत चौक पार होणार नसेल, तर आत शिरायचं नाही. पिवळ्याला थांबायचंच, फक्त स्टॉप लाइनच्या इतकं जवळ असाल की सुरक्षित थांबता येणार नाही, तरच सूट. (पिवळा बघून अॅक्सिलरेटर दाबणारे इथेच अडकतात.) म्हणून जर लाल तोडणारी गाडी आडवी येताना स्पष्ट दिसत होती, ब्रेक मारायला वाव होता आणि तुम्ही मारला नाहीत, किंवा तुमचा वेग मर्यादेबाहेर होता, तर काही टक्के दोष तुमच्याकडे येतो आणि भरपाई तेवढी कापली जाते. मात्र ही वाटणी सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या राज्यांत तुमची थोडी चूक ठरली तरी अख्खा दावा बुडू शकतो. डॅशकॅम असेल तर फुटेज आजच कॉपी करून ठेवा, बहुतेक कॅमेरे जुन्यावर नवं रेकॉर्ड करत जातात.